गाई-म्हशींच्या ओव्हरीत मायक्रोआरएनए नक्की काय करतात, आणि पीजीला हा विषय घ्यावा का

तू तीन गोष्टी एकदम विचारल्यास. गाई-म्हशींच्या ओव्हरीत मायक्रोआरएनएचं काम काय, एमव्हीएस्सीला (पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला) गायनॅक मिळालं तर रिसर्चला हा विषय घ्यावा का, आणि तुझ्या वडिलांचा प्रश्न, की ह्यातून म्हशीचा मुका माज (बाहेरून न दिसणारा माज) ओळखायची काही टेस्ट निघालीये का. वडिलांचं आधी सांगून टाकते कारण त्यांच्या म्हशी आपल्या रिसर्चसाठी थांबणार नाहीत. तशी टेस्ट नाही, इंजेक्शनही नाही, आणि मायक्रोआरएनएच्या नावाने कोणी काही विकायला आलं तर सरळ परत पाठवा. मुक्या माजासाठी आज हातात आहे ते म्हणजे रात्री उशिरा आणि पहाटे गोठ्यात चक्कर मारणं, नसबंदी केलेला रेडा फिरवणं, शेपटीला चिकट स्राव लागलाय का बघणं, खनिज मिश्रण रोज देणं, उन्हाळ्यात डुंबायला किंवा अंगावर मारायला पाणी, आणि तरी माज दिसत नसेल तर सोनोग्राफी करून ओव्हरीवर सीएल (कॉर्पस ल्युटियम, बीज सुटल्यावर तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) आहे का बघून घेणं. सीएल असेल आणि म्हैस गाभण नसेल तर ती बहुतेक सायकलमधे (माजाच्या चक्रात) आहे, फक्त दाखवत नाहीये, आणि सीएल नसेल तर प्रश्न वेगळा आहे. एवढं नीट केलं तरी बऱ्याच म्हशी वेळेत भरवता येतात.

आता तुझं. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा छोटासा आरएनए, ज्यापासून प्रोटीन बनत नाही. १९९३ मधे व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन ह्यांच्या लॅबनी एका जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या जंतात पहिला सापडवला, लिन-४ नावाचा, तेव्हा लोकांना वाटलं ही जंतापुरतीच गंमत आहे, मग २००० साली लेट-७ सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत सगळीकडे निघाला, तेव्हा कुठे सगळे जागे झाले, आणि त्या दोघांना २०२४ चं नोबेल मिळालं. बनतो कसा तर केंद्रकात लांब धागा तयार होतो, ड्रोशा नावाचं एन्झाइम त्याला कापून ७० एक अक्षरांची केसाच्या पिनेसारखी दुमडलेली घडी करतं, ती बाहेर येते, डायसर तिला अजून कापतं, आणि उरलेला तुकडा आर्गोनॉट प्रोटीनमधे जाऊन बसतो. मग तो आपल्याला जुळणारे मेसेंजर आरएनए शोधतो, मुख्यतः त्यांच्या शेपटाकडच्या भागात, आणि जुळणी फक्त २ ते ८ नंबरच्या अक्षरांवर झाली तरी पुरते. म्हणूनच एक मायक्रोआरएनए शेकडो जीन्सना हात लावू शकतो आणि एका जीनवर दहा मायक्रोआरएनए येऊन बसू शकतात. ही शेवटची ओळ नीट लक्षात ठेव, पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच येतो.

बहुतेक मायक्रोआरएनए जीन पूर्ण बंद करत नाहीत, त्याचं प्रमाण थोडं खाली आणतात. म्हणजे हा विहिरीवरच्या मोटरचं बटण दाबणारा नव्हे, हा पाटावर दारं धरणारा माणूस, कुठल्या वाफ्याला किती वेळ पाणी जाऊ द्यायचं ते बघणारा. एफएसएच, एलएच (पिट्युटरी ग्रंथीतून येणारी, ओव्हरी चालवणारी हॉर्मोन्स), इस्ट्रोजेन ह्यांची जागा तो घेत नाही. पण तो नसला तर काय होतं हे उंदरांत बघितलेलं आहे. डायसर कमी असलेल्या माद्यांमधे ओव्ह्युलेशन (बीज सुटणं) होतं पण सीएलमधे रक्तवाहिन्याच नीट तयार होत नाहीत, प्रोजेस्टेरॉन कमी पडतं आणि गर्भ टिकत नाही, हे २००८ मधे दाखवलं गेलं, आणि मिर-१७-५पी आणि लेट-७बी हे दोन मायक्रोआरएनए (नावातलं मिर म्हणजे मायक्रोआरएनए) ओव्हरीत टोचल्यावर त्या रक्तवाहिन्या थोड्याफार परत आल्या. सीएल हा शरीरातल्या सगळ्यात झपाट्याने रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या अवयवांपैकी एक आहे, त्यामुळे ह्यात आश्चर्य नाही, पण उलटणाऱ्या (भरवूनही परत माजावर येणाऱ्या) गाईंमधे कमजोर सीएल हे कारण आपण इतक्या वेळा लिहितो की मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे येते. हा विषय वाचायला लागलीस की तुला "मिर-अमुक इस्ट्रोजेन वाढवतो", "मिर-तमुक पेशी मारतो" अशी वाक्यं ढिगाने मिळतील आणि मुलं ती पाठ करून परीक्षेत लिहितात. माझं म्हणणं एवढंच आहे की कुठल्या पेशीत, कुठल्या दिवशी, हे दोन शब्द जोडल्याशिवाय त्यातल्या एकाही वाक्याला अर्थ नाही. ओव्हरी हा अवयव दर दोन दिवसांनी वेगळा असतो. गाईत एका सायकलमधे फॉलिकलच्या (बीज ज्यात वाढतं त्या पाण्याने भरलेल्या फोडांच्या) दोन किंवा तीन लाटा येतात, एफएसएच थोडं वाढतं, ४-५ मिमीचे बरेच फॉलिकल एकत्र निघतात, सगळ्यात मोठा ८-९ मिमीच्या आसपास गेला की बाकीच्यांपासून वेगळा पडतो, त्याच्या आतल्या थरातल्या ग्रॅन्युलोसा पेशींवर एलएचचे रिसेप्टर येतात, तो टिकतो आणि बाकीचे मरतात. जन्मभरात ९९ टक्क्यांच्या वर फॉलिकल असेच मरून जातात. म्हशीकडे तर मुळातच साठा कमी, प्रायमॉर्डियल (अजून वाढायला न लागलेले) फॉलिकल साधारण १०,००० ते २०,००० आणि गाईत १ लाखाच्या वर, त्यामुळे म्हशीत ह्या मरण्याचा हिशोब जास्त जड पडतो.

दाविट टेसफाये बॉन विद्यापीठात असताना त्यांच्या ग्रुपने ह्यावर गाईंमधे पद्धतशीर काम केलंय, मी माझ्या विद्यार्थ्यांना सुरवात तिथूनच करायला सांगते. त्यांनी सायकलच्या तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मोठा फॉलिकल आणि मागे पडलेले फॉलिकल ह्यांच्या ग्रॅन्युलोसा पेशी वेगळ्या काढून तुलना केली. तिसऱ्या दिवशी फरक थोड्याच मायक्रोआरएनएमधे होता, सातव्या दिवशी कितीतरी जास्त. बाहेरून, म्हणजे सोनोग्राफीवर, आपल्याला दिसतो फक्त मिमीमधला फरक, पण आत पेशींचा रस्ताच वेगळा झालेला असतो. मग त्यांनी ओव्ह्युलेशनच्या तोंडावरच्या फॉलिकलमधे बघितलं, तर मोठ्यात मिर-१८३-९६-१८२ हा गट जास्त होता आणि तो फॉक्सओ-१ ह्या जीनला दाबतो, फॉक्सओ-१ दबला की ग्रॅन्युलोसा पेशी वाढत राहतात. आणि सातव्या दिवशी मागे पडलेल्यात मिर-१७-९२ हा गट जास्त, तो पीटेन आणि बीएमपीआर-२ ह्या जीन्सवर बसतो, त्यानेही पेशींची संख्या वाढते पण त्या पक्व होत नाहीत, इस्ट्रोजेन बनवण्याकडे वळत नाहीत. बघ, दोन्ही गट "पेशी वाढवतात" असं एका ओळीत लिहून मोकळं होता येतं, पण एक गट ओव्ह्युलेट होणाऱ्या फॉलिकलमधे जास्त आणि दुसरा मागे पडून मरणाऱ्या फॉलिकलमधे जास्त.

अजून ठळक उदाहरण मिर-३७८ चं. डुकरीणीच्या ग्रॅन्युलोसा पेशींत २०११ मधे दाखवलं गेलं की तो अरोमाटेज ह्या इस्ट्रोजेन बनवणाऱ्या एन्झाइमच्या मेसेंजरवर थेट बसतो आणि इस्ट्रोजेन कमी करतो. हे वाचलं की वाटतं हा वाईट, ह्याला अडवा म्हणजे माज चांगला दिसेल. पण त्याच वर्षी गाईच्या सीएलवरचं काम आलं, त्यात जिवंत, काम करणाऱ्या सीएलमधे हाच मिर-३७८ भरपूर आणि गळत चाललेल्या सीएलमधे कमी, आणि अंदाज असा की तो इंटरफेरॉन गॅमाच्या रिसेप्टरला दाबून ल्युटियल पेशींना मरण्यापासून वाचवत असावा. एकच मायक्रोआरएनए, अवयव तोच, फक्त प्राणी आणि टप्पा वेगळा. सरसकट अडवलास तर माज मिळवायच्या नादात सीएल घालवशील. गाईला टोचायचं औषध ह्यातून लवकर का निघणार नाही ह्याचं माझ्या मते हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे, रक्तात टोचलेली वस्तू फक्त ग्रॅन्युलोसात आणि फक्त त्या दोन दिवसांत काम करेल अशी सोय आपल्याकडे नाही.

फॉलिकल मरण्याबद्दल डुकरांवर खूप काम झालंय, विशेषतः चीनमधे. मिर-२६बी आणि लेट-७जी ग्रॅन्युलोसा पेशींना मरणाकडे ढकलतात, मिर-९२ए वाचवतो, आणि ह्यातले बरेच धागे टीजीएफ-बीटा आणि स्मॅड ह्या पेशीतल्या निरोपाच्या एकाच मार्गावर येऊन मिळतात. उंदरांत मिर-२२४ स्मॅड-४ ला पकडतो, डुकरात मिर-२६बी पण स्मॅड-४ ला पकडतो, म्हणजे वेगवेगळी नावं, वेगवेगळे प्राणी, पण गाठ तीच. मिर-२१ चं एक वेगळं सांगते कारण तिथे प्रयोग जिवंत प्राण्यात झाला. उंदरात एका बाजूच्या ओव्हरीला मिर-२१ अडवणारं रसायन दिलं तर त्या बाजूला कमी बीजं सुटली, दुसरी बाजू नॉर्मल. एलएच आल्यावर मिर-२१ वाढतो आणि ग्रॅन्युलोसा पेशींना त्या धामधुमीत जिवंत ठेवतो असा त्याचा अर्थ. एलएचनंतर मिर-१३२ आणि मिर-२१२ पण काही तासांत उसळी घेतात, मेंढीतही फॉलिकलचं सीएलमधे रूपांतर होताना मायक्रोआरएनएची अख्खी यादीच बदलते.

पण ओव्हरीत बिघाड दिसला म्हणजे दोष ओव्हरीतच असं नाही, आणि हे मायक्रोआरएनएलाही लागू आहे. २०१३ मधे जपानी ग्रुपने मिर-२००बी आणि मिर-४२९ नसलेले उंदीर केले, माद्यांना ओव्ह्युलेशन होईना. ओव्हरी चांगलीच होती, बाहेरून हॉर्मोन दिलं की बीजं सुटत होती. दोष पिट्युटरीत होता, झेब-१ नावाचं प्रोटीन दबत नसल्यामुळे एलएच पुरेसं तयार होत नव्हतं. तुमच्या गोठ्यातल्या माजावर न येणाऱ्या म्हशीला हे किती लागू होतं बघ, आपण हात घालून ओव्हरी चाचपतो आणि "ओव्हरी स्मूथ आहे" असं लिहून मोकळे होतो.

बीजाबद्दल, म्हणजे ऊसाइटबद्दल, पुस्तकात अजून जुनं चित्र आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. उंदराच्या बीजातून डायसर काढलं तर मियोसिस (बीजाचं विभाजन) बिघडतं, त्यावरून सगळ्यांनी धरलं की बीजाला मायक्रोआरएनए लागतातच. २०१० मधे दोन ग्रुपनी ड्रोशाचा जोडीदार डीजीसीआर-८ काढून बघितला, त्याने मायक्रोआरएनए बंद होतात पण डायसर शाबूत राहतं, आणि बीजं ठणठणीत निघाली, पिल्लंही झाली. म्हणजे उंदरात डायसरचं बीजातलं काम दुसऱ्याच छोट्या आरएनएसाठी होतं. नंतर प्रागमधल्या लॅबने कारण शोधलं, ते इतकं साधं आहे की मला फार आवडतं: बीज वाढताना आकाराने अवाढव्य होतं, त्यात मेसेंजर आरएनएचा साठा प्रचंड भरतो, पण मायक्रोआरएनएची संख्या त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे ते पातळ पडतात आणि त्यांचा प्रभाव उरत नाही. उंदराबरोबर गाय आणि डुक्कर ह्यांच्या बीजांतही त्यांना हाच कल दिसला. ह्याचा अर्थ गाईच्या बीजात मायक्रोआरएनएला कामच नाही असा नको घेऊस. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रुपने गाईत दाखवलंय की मिर-२१२ फिगला ह्या जीनवर आणि मिर-१९६ए नोबॉक्सवर बसतो, म्हणजे आईने भरून ठेवलेला साठा भ्रूणाने स्वतःचा कारभार हातात घेताना, गाईत ८ ते १६ पेशींच्या टप्प्यावर, साफ करायला हे मदत करत असावेत. फक्त ते प्रयोग मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल) टोचून केलेले आहेत आणि मिमिक टोचलं की प्रती एकदम वाढतात, मग पातळपणाचा प्रश्नच मिटतो. दोन्ही बाजूचे पेपर शेजारी ठेवून वाच.

माझ्या मते जनावरांसाठी सगळ्यात उपयोगी भाग फॉलिकलच्या पाण्यात आहे. २०१२ मधे कोलोराडोच्या लोकांनी घोडीच्या फॉलिक्युलर फ्लुइडमधे छोट्या छोट्या पिशव्या, म्हणजे एक्सोसोम आणि तत्सम व्हेसिकल, दाखवल्या, त्यांच्यात मायक्रोआरएनए भरलेले, आणि तरुण आणि म्हाताऱ्या घोडीत ते वेगळे. पुढच्याच वर्षी गाईत तेच दिसलं. म्हणजे ग्रॅन्युलोसा, क्युम्युलस (बीजाभोवतीच्या पेशी) आणि बीज ह्यांच्यात निरोप ह्या पिशव्यांमधून जातात. नंतर असंही दिसलं की गाईच्या फॉलिकलमधल्या ह्या पिशव्या कल्चरमधे घातल्या तर क्युम्युलस पेशी फुलतात आणि ग्रॅन्युलोसा पेशी वाढतात, आणि वाढवण्याचं काम लहान फॉलिकलमधल्या पिशव्या जास्त चांगलं करतात. आता आपल्याकडे ओपीयू-आयव्हीएफचा (सुईने बीजं काढून बाहेर भ्रूण तयार करण्याचा) बोलबाला आहे, बीजं मिळतात, फर्टिलाइज होतात पण ब्लास्टोसिस्टपर्यंत (आठवड्याभराच्या भ्रूणापर्यंत) पोचणारी कमी, म्हशीत तर अजून कमी. प्लेटमधल्या बीजाला फॉलिकलमधे जे निरोप मिळाले असते त्यातले काही परत देता आले तर फरक पडू शकतो, आणि इथे सगळं काचेच्या ताटलीत असल्यामुळे "फक्त ह्याच पेशीत, फक्त ह्याच वेळी" ही अट पाळता येते. औषध म्हणून गाईला टोचण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी जवळचा आहे.

उन्हाळ्याचं पण इथेच येतं. २०२० मधे ह्याच टेसफाये ग्रुपने गाईच्या ग्रॅन्युलोसा पेशी ४२ अंशाला ठेवल्या, त्यांनी सोडलेल्या पिशव्या गोळा करून दुसऱ्या पेशींना दिल्या, आणि त्या दुसऱ्या पेशी नंतरच्या उष्णतेला जास्त चांगल्या टिकल्या. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात गोठ्याच्या पत्र्याखाली काय तापमान असतं हे तुला माहितीये. लहान अँट्रल (आत पाणी साठायला लागलेल्या) फॉलिकलला ओव्ह्युलेशनपर्यंत यायला साधारण दीड-दोन महिने लागतात, म्हणून मेमधे भाजलेलं फॉलिकल जुलैत पाऊस पडून सगळं गार झाल्यावर ओव्ह्युलेट होतं आणि आपण म्हणतो आता तर हवा चांगली आहे मग का उलटतायत. विल्यावर निगेटिव्ह एनर्जीत गेलेल्या (खाण्यातून मिळते त्याहून जास्त ऊर्जा खर्च करणाऱ्या) गाईंच्या फॉलिक्युलर फ्लुइडमधेही पिशव्यांतले मायक्रोआरएनए वेगळे दिसलेत. म्हणजे गाईने काय सोसलं ह्याची नोंद त्या पाण्यात राहते, आणि ती वाचता येणं हे मला ह्या विषयातलं सगळ्यात मोठं आकर्षण वाटतं.

आपल्या मातीतलं एक उदाहरण द्यायलाच हवं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला फेकबी जीन दख्खनी मेंढीत आणून जुळी देणारी नारी सुवर्णा तयार केली. फेकबी म्हणजे बीएमपीआर-१बी ह्या रिसेप्टरमधे एका अमिनो आम्लाचा बदल, २००१ मधे सापडला, त्याने फॉलिकल लहान आकारातच पक्व होतात आणि एकाऐवजी दोन-तीन सुटतात. हा जीन खरा बटणासारखा आहे, मेंढपाळाला वाड्यावर डोळ्यांनी दिसतो. आणि हा मार्ग कुठला, तर बीएमपी आणि स्मॅडचा, तोच ज्यावर वर सांगितलेले मिर-१७-९२, मिर-२२४, मिर-२६बी काम करतात. म्हणून जुळी देणाऱ्या आणि एकच देणाऱ्या मेंढ्यांच्या ओव्हरीतले मायक्रोआरएनए तपासायचे पेपर इतके निघतात. पण त्यातला फरक कारण आहे का परिणाम हे बहुतेक पेपरमधून कळत नाही, जिथे फॉलिकल लवकर पक्व झालंय तिथे पक्व फॉलिकलचेच मायक्रोआरएनए दिसणार. उलट टेक्सेल मेंढीचं उदाहरण बघ, ओव्हरीचं नाही, मांसाचं आहे, पण पुरावा कसा असावा ते शिकवतं: मायोस्टॅटिन जीनच्या शेपटात एका अक्षराच्या बदलाने मिर-१ आणि मिर-२०६ ला बसायला नवी जागा तयार झाली, मायोस्टॅटिन कमी झालं आणि मेंढी जास्त मांसल झाली, २००६ मधे दाखवलं. एक अक्षर, एक जागा, एक परिणाम. ओव्हरीत असं काही सापडलं तर ते थेट पैदाशीत वापरता येईल.

रक्तावरून गाभण ओळखायचं तू विचारलं नाहीस पण विचारशील. एडिंबराजवळच्या रॉझलिन इन्स्टिट्यूटमधे गाईंत बघितलंय, १६ व्या दिवशी गाभण गाईंत मिर-२६ए थोडा वाढलेला दिसला. थोडाच. गटाची सरासरी वेगळी येणं आणि समोर उभ्या असलेल्या एका गाईबद्दल छातीठोक सांगता येणं ह्यात फार अंतर आहे, आणि २८-३० दिवसांना सोनोग्राफी किंवा पीएजी टेस्ट (गाभणपणात तयार होणाऱ्या प्रोटीनची) आपल्याकडे असताना नवी टेस्ट त्याच्या आधी आणि तितकीच खात्रीची असली तरच कामाची.

आता विषय घ्यावा का. घे, पण पुढच्या गोष्टी जमत असतील तरच. ओव्हरी कुठून आणणार? महाराष्ट्रात गोवंशाची कत्तल बंद आहे, त्यामुळे देवनारसारख्या कत्तलखान्यातून म्हशीच्याच ओव्हरी मिळतात, आणि ते चांगलंच आहे कारण गाईवर जगभर काम झालंय, म्हशीवर त्या मानाने कमी. पण त्या म्हशीचा इतिहास तुला माहीत नसतो, म्हणून सीएलच्या रंगरूपावरून सायकलचा टप्पा लिहून ठेव, प्रत्येक फॉलिकलचं माप घे, आणि त्याच्या फ्लुइडमधे इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही मोज. इस्ट्रॅडिओल जास्त असेल तरच तो फॉलिकल जिवंत समजायचा, नुसत्या आकारावर जाऊ नकोस, मोठा पण मरत असलेला फॉलिकल सर्रास मिळतो.

सुईने फ्लुइड काढताना रक्त मिसळतंच. मिर-४५१ आणि मिर-४८६ लाल पेशींत ठासून भरलेले असतात, ते तुझ्या यादीत वर आले तर आधी सॅम्पलमधे रक्त होतं का बघ, मग शोध लागल्याचा आनंद कर. कल्चर करणार असशील तर दोन सापळे आहेत. पहिला, सीरम घातलं की ग्रॅन्युलोसा पेशी काही दिवसांत ल्युटियल पेशींसारख्या होतात, अरोमाटेज जातं, आणि तू ग्रॅन्युलोसा म्हणून भलतंच मोजत बसतेस, त्यामुळे सीरमविना कल्चर शीक. दुसरा तर ह्या विषयात फारच वाईट: फीटल बोवाइन सीरम हे गाईच्याच पोटातल्या वासराचं, त्यात गाईच्याच पिशव्या आणि गाईचेच मायक्रोआरएनए, आणि म्हशीचे सिक्वेन्स गाईशी इतके जुळतात की तुझ्या पेशींनी सोडलं काय आणि बाटलीतून आलं काय हे सिक्वेन्सिंगला कळत नाही. माणसाच्या पेशींवर काम करणाऱ्याला ही अडचण थोडी कमी आहे, आपल्याला पुरेपूर आहे.

आणि टार्गेट, म्हणजे मायक्रोआरएनए ज्या जीनला दाबतो तो. सॉफ्टवेअरने दिलेली तीनशे टार्गेटची यादी आणि त्याखाली रंगीत पाथवेचं चित्र म्हणजे निकाल नव्हे, ती सुरवात आहे. उंदरात सिद्ध झालेलं टार्गेट म्हशीत असेलच असंही नाही कारण मेसेंजरच्या शेपटाकडचा भाग प्राण्यागणिक बदलतो, त्यामुळे म्हशीच्या जीनमधे ती जागा आहे का ते आधी स्वतः वाच. मग ल्युसिफरेज टेस्ट (मायक्रोआरएनए त्या जागेवर खरंच बसतो का हे प्रकाशावरून तपासणारी), त्यात जागा बिघडवलेला कंट्रोल, मग मिमिक आणि इनहिबिटर दोन्ही, आणि शेवटी प्रोटीन कमी झालं का ते वेस्टर्न ब्लॉटवर. एक मायक्रोआरएनए, एक टार्गेट, एवढं नीट केलंस तरी एमव्हीएस्सीला भरपूर आहे. क्यूपीसीआरला (आरएनएचं प्रमाण मोजताना) रेफरन्स म्हणून यू-६ डोळे झाकून घेऊ नकोस, फ्लुइडमधल्या पिशव्यांत ते विश्वासाचं नाही, दोन-तीन रेफरन्स तपासून जे स्थिर राहतं ते घे.

मला विचारशील तर विषय असा घे: एकाच म्हशीच्या ओव्हरीतला इस्ट्रोजेन बनवणारा मोठा फॉलिकल आणि त्याच ओव्हरीतला मागे पडलेला, दोन्हीच्या फ्लुइडमधल्या पिशव्या, एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारी असे दोन वेळा. तुलनेचे दोन्ही फॉलिकल एकाच जनावराचे असल्यामुळे माहीत नसलेल्या इतिहासाची अडचण बरीच कमी होते आणि ऋतूचा प्रश्नही आत येतो. पिशव्या वेगळ्या करायला अल्ट्रासेंट्रीफ्यूज लागेल, तो आपल्या कॉलेजात नसेल तर शेजारच्या संस्थेत कोणाकडे आहे आणि वेळ देतील का हे विषय नोंदवायच्या आधी विचार, आणि फ्लुइड गोळा केल्यावर पेशी खाली बसवून वरचं पाणी लगेच उणे ८० ला टाक, संध्याकाळपर्यंत आइसबॉक्समधे ठेवू नकोस.